पाच बोर्डांची ऑर्डर

सर्किट नवे असले की पहिल्या खेपेला बोर्ड लागतात पाच, फार तर दहा. एक सोल्डरिंग करताना बिघडतो, एकाची तपासणीत चिरफाड होते, एक गिऱ्हाइकाला दाखवायला जातो आणि उरलेल्या दोनांवर चुका शोधायच्या असतात. जगात कुठेही जा, हा आकडा साधारण एवढाच असतो. आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत पीसीबीच्या, म्हणजे छापील सर्किट बोर्डांच्या, कारखान्यात हा आकडा सांगितला, की समोरच्याचा चेहरा पडत असे.

त्याचे कारण सरळ हिशेबाचे. बोर्ड पाच करा की पाच हजार, फिल्म तेवढीच काढावी लागते, ड्रिलचा प्रोग्रॅम तेवढाच बसवावा लागतो, मुलामा चढवण्याच्या टाक्या तेवढ्याच तयार ठेवाव्या लागतात. पाच हजारांत हा खर्च विरून जातो, पाचांत तो डोळ्यांत भरतो. मोठा कारखाना म्हणूनच सँपलचे काम टाळतो, किंवा ‘टूलिंग’चा असा काही आकार लावतो की गिऱ्हाईक आपणहून मागे फिरते.

गोव्यात, त्यातही पेडणे किंवा डिचोली तालुक्यात बसून सर्किट आखणाऱ्यापुढे हाच प्रश्न आणखी एक अडचण घेऊन येतो : कारखाना लांब. नमुन्याचा बोर्ड कोणाकडून करून घ्यायचा, याचे उत्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत किमान पाच वेळा बदलले. प्रत्येक वेळी बोलणे झाले ते दराबद्दल, पण निवड खरी होती ती वाट पाहण्याच्या दिवसांची. बोर्ड हाती यायला महिना लागणार असेल, तर माणूस आराखडा दहा वेळा तपासतो आणि नवे काही करून पाहायला बिचकतो. आठवड्यात येणार असेल, तर तो चुकायला मोकळा होतो.

छापील सर्किटाचा जन्मच मुळी योग्य कारखानदार न मिळण्यातून झाला. व्हिएन्नात जन्मलेला पाउल आइस्लर हा ज्यू इंजिनिअर १९३६ मध्ये लंडनला आला. राहत्या खोलीत त्याने तारांच्या जंजाळाऐवजी पृष्ठावर तांब्याच्या रेघा असलेला रेडिओ बनवला आणि तो प्लेसी या बड्या रेडिओ कंपनीला दाखवला. कंपनीने नकार दिला. तारा जोडायला बसवलेल्या मुली स्वस्त पडतात आणि काम बदलले तर त्यांना बदलता येते, असे कारण आइस्लरने पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

शेवटी त्याला आधार मिळाला तो इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडून नव्हे, छापखान्याकडून. लंडनच्या कँबरवेल भागातली हेंडरसन अँड स्पाल्डिंग ही लिथोग्राफीची कंपनी. दगडावरून, पत्र्यावरून नेमकी रेघ उठवायची कशी आणि नको तो भाग अ‍ॅसिडने खायचा कसा, हे त्यांना आधीच येत होते. टेक्नोग्राफ नावाची कंपनी त्यासाठी काढण्यात आली. आइस्लरने करार नीट न वाचता सही केली आणि नोकरीच्या काळातले पेटंट-हक्क नाममात्र एका पौंडात देऊन बसला. बदल्यात टेक्नोग्राफमध्ये त्याला साडेसोळा टक्के वाटा होता, हे त्यातल्या त्यात समाधान. १९४३ मध्ये त्याने पेटंटचे अर्ज केले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या प्रॉक्झिमिटी फ्यूजमध्ये छापील सर्किटे वापरली आणि १९४८ मध्ये हे तंत्र व्यापारी वापरासाठी खुले केले.

त्या काळात गोव्यातल्या रेडिओंच्या पोटात मात्र व्हॉल्व्ह आणि तारांचेच राज्य होते. एमिसोरा दे गोवा हे पोर्तुगीज राजवटीतले नभोवाणी केंद्र १९४६ पासून कार्यक्रम देत होते आणि मुक्तीनंतर तेच आकाशवाणीचे पणजी केंद्र झाले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोर्ड करून घेण्याची गरजच नव्हती. अ‍ॅल्युमिनियमची चासी, सॉकेट आणि सोल्डरची कांडी एवढ्यावर दुकान चाले.

गरज उभी केली ती १९६० नंतरच्या संस्थांनी. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे दोनापावलाच्या टेकडीवर ती स्थिरावली. त्याच वर्षी औद्योगिक विकास महामंडळाचे कामही सुरू झाले आणि पुढच्या काळात गोवाभर औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत डिचोली आणि पेडण्यातले तुयेंही आले. १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, जे आज फर्मागुडीला आहे. १९७५ मध्ये आर्थिक विकास महामंडळ आले. समुद्राची पातळी, प्रवाह, तापमान मोजायचे तर यंत्रे हवीत. परदेशी यंत्र घ्यायला परकीय चलन हवे आणि ते त्या दिवसांत सहजासहजी मिळत नसे. मग सर्किट इथेच आखायचे. आखले तर बोर्ड कोण करणार?

पहिले उत्तर होते : आपण स्वतः.

घरगुती एचिंगचा हा विधी साठी-सत्तरीतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला विचारा, तो हातवारे करून सांगेल. तांबे चढवलेला पत्रा दोन जातींचा मिळे : कागद आणि फिनॉलिक राळेचा तपकिरी ‘हायलम’, आणि काचेच्या कापडाचा हिरवट-पिवळा ‘ग्लास इपॉक्सी’. हायलम स्वस्त, पण ड्रिल करताना कडा तुटते आणि सोल्डरिंगची इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की तांब्याची पट्टी सुटून वर येते. ग्लास इपॉक्सी टिकाऊ, पण साधे ड्रिलबिट त्यावर लगेच बोथट होते. पत्रा घासून लख्ख करायचा, कार्बन पेपरने आराखडा उतरवायचा आणि रेघांवर इनॅमल रंग किंवा सरळ नेलपॉलिश लावायचे. मग प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराइडचे तपकिरी द्रावण. ट्रे सतत हलवत राहायचे, नाहीतर मधले तांबे तसेच राहते आणि कडेच्या रेघा आतून खाल्ल्या जातात. द्रावण कोमट असले तर काम लवकर होते. शर्टावर पडलेला डाग मात्र शर्टासोबतच जातो.

त्यानंतर एक मिलिमीटरचे ड्रिल, हाताने, एकेक भोक. आयसीचे पाय एक दशांश इंचावर, म्हणजे २.५४ मिलिमीटरवर. एक भोक अर्ध्या मिलिमीटरने चुकले तरी सोळा पायांची आयसी बसायला नकार देते.

गोव्यात यात पावसाळ्याची भर. जूनमध्ये घासलेले तांबे दोन-चार दिवसांत काळवंडते, मग सोल्डर धरत नाही. त्यावरचा उपाय स्वस्त होता. राळ स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि तयार बोर्डावर ब्रशने एक हात फिरवायचा. तांबे झाकले जाई आणि सोल्डर करताना हीच राळ फ्लक्सचे काम करी. समुद्रावर जाणाऱ्या यंत्रांना तेवढ्याने भागत नसे. खाऱ्या हवेत दोन रेघांमधल्या फटीत ओल आणि मीठ साचले की वीज नको तिथून वाहू लागते. अशा बोर्डांवर वार्निशचा पक्का थर द्यावा लागे.

स्वतः बोर्ड करणाऱ्याला वाट पाहावी लागत नव्हती, पण मर्यादा ठरलेली होती. एका बाजूचा बोर्ड, जाड रेघा, मोजके भाग. दोन रेघा एकमेकींना ओलांडत असतील तर वरून तारेचा जंपर. त्यापलीकडचे सर्किट डोक्यात आले तरी कागदावरच राही.

दुसरे उत्तर टपालाने आले. दिल्लीचे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९ मध्ये सुरू झाले. त्यात प्रकल्पासोबत खऱ्या मापाचा बोर्डाचा नकाशा छापलेला असे. १९८३ मध्ये ‘एलेक्टर’ची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघू लागली. मूळ डच मासिकाची पद्धत अशी, की लेखातल्या सर्किटाचा तयार बोर्ड क्रमांकानुसार विकत मिळायचा. छिद्रे पाडलेला, भागांची नावे छापलेला. व्हीपीने मागवायचा आणि पोस्टमनच्या हातात पैसे ठेवून घ्यायचा. डिचोलीतल्या मुलाला मुंबई न बघता मुंबईचा बोर्ड मिळू लागला.

या सोयीत एक गोम होती. बोर्ड तयार, म्हणजे सर्किटही दुसऱ्याचेच. संपादकाने निवडलेला घंटीचा, डिजिटल घड्याळाचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा प्रकल्प करायचा. आपल्या डोक्यातला नाही. तरीही कारखान्यात केलेला बोर्ड कसा दिसतो, मास्किंगचा हिरवा थर सोल्डरला कसा रोखतो, दोन पॅडमधून रेघ कशी काढतात, हे शेकडो मुलांनी पहिल्यांदा पाहिले ते या पाकिटांमधून.

ज्याला स्वतःचेच सर्किट हवे होते आणि तेही दोन बाजूंचे, त्याला कारखाना गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९८०च्या दशकात असे कारखाने मुंबई, पुणे आणि बेंगळुरूच्या आसपास एकवटलेले होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडची बाजारपेठ होती, अंधेरीला १९७३ पासून निर्यातीसाठी उभारलेले सीप्झ होते. पुण्यात सुटे भाग तपकीर गल्लीत. बेंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या मोठ्या सरकारी गिऱ्हाइकाभोवती पुरवठादार वाढले होते. तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत स्विस सहकार्याने चाललेल्या सीईडीटी या केंद्रात शिकवणाऱ्या वॉल्टर बॉशार्ट यांचे पीसीबीच्या आराखड्यावरचे आणि उत्पादनावरचे पुस्तक टाटा मॅग्रॉ-हिलने १९८३ मध्ये काढले. एचिंगच्या टाकीत काय घडते इथपासून रेघेची रुंदी किती विजेला पुरेल इथपर्यंत सगळे त्यात आहे. देशातल्या आराखडाकारांच्या एका पिढीने ते वापरून वापरून खिळखिळे केले.

कारखान्याकडे जायचे ते आर्टवर्क घेऊन. आज संगणकावर जे काम होते, ते तेव्हा काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून चाले. पारदर्शक मायलरची शीट, तिच्याखाली दशांश इंचाच्या चौकटींचा कागद. पॅडसाठी काळी गोल चिकट टिकली, मध्ये बारीक भोक. बोलताना तिला डोनट म्हणत. रेघांसाठी काळी क्रेप टेप, ब्लेडने कापायची. सगळे दुप्पट मापात लावायचे, म्हणजे कारखान्याच्या कॅमेऱ्याने अर्धे करताना हाताची चूकही निम्मी होई. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर वरची बाजू एका शीटवर, खालची दुसऱ्या शीटवर, आणि दोन्हींच्या कोपऱ्यांत जुळवणीच्या फुल्या.

आता ही शीट जुलै महिन्यात पणजीहून रात्रीच्या बसने मुंबईला न्यायची. दमट हवेत पॉलिस्टरची शीट किंचित फुगते. वळणावर ताणून लावलेली टेप हळूहळू आकसते आणि पॅडपासून केसभर सुटते. कॅमेऱ्याच्या वातानुकूलित खोलीत शीट पुन्हा आवळते. वरची आणि खालची बाजू वेगवेगळ्या दिवशी लावलेली असेल, तर फुल्या जुळतात पण मधली भोके पॅडच्या कडेला जातात. मार्गी लागलेले आर्टवर्क असे कारखान्याच्या खिडकीवरून परत आले, तर सुटलेली टेप जागेवरच ब्लेडने दुरुस्त करायची.

कारखाना निवडताना तेव्हा विचारले जाणारे प्रश्न थोडे, पण नेमके होते. पहिला : पीटीएच होते का? म्हणजे भोकाच्या आतल्या भिंतीवर तांबे चढवून दोन्ही बाजू जोडण्याची टाकी आहे का. नसेल तर प्रत्येक जोडणीच्या भोकात तारेचा तुकडा घालून दोन्हीकडून सोल्डर करायचे. शंभर भोके असली तर शंभर तुकडे. दुसरा : कमीत कमी किती नग? तिसरा प्रश्न अनुभवाने शिकवलेला : फिल्म कोणाची? कॅमेऱ्यातून निघालेल्या फिल्मचे पैसे गिऱ्हाईक देई, पण ती बहुधा कारखान्याच्या कपाटात राही. पुढच्या खेपेला दुसरीकडे जायचे तर फिल्म मागायची, आणि ती मागितली की संबंध बिघडायचे. नमुन्याच्या पाच बोर्डांसाठी निवडलेला कारखानदार म्हणूनच पुढची काही वर्षे आपोआप ठरून जाई.

ही गाठ सोडवली आणखी एका व्हिएन्नाकराने. हाइन्झ जोसेफ गर्बर हाही ज्यू. नाझींच्या तावडीतून सुटून तो १९४० मध्ये अमेरिकेला पोचला आणि कनेक्टिकटमध्ये त्याने गर्बर सायंटिफिक ही कंपनी उभी केली. प्रकाशाच्या झोताने फिल्मवर थेट रेघ ओढणारे फोटोप्लॉटर या कंपनीने बनवले. त्या यंत्राला हुकूम द्यायची लिपी साधी अक्षरांची आणि आकड्यांची होती : अमुक बिंदूपर्यंत प्रकाश चालू ठेवून जा, अमुक बिंदूपर्यंत बंद करून जा, इथे एकदा चमकव. १९८० मध्ये तिची व्याख्या प्रसिद्ध झाली, १९९८ मध्ये विस्तारित आवृत्ती आली आणि सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली. आज जगातल्या कुठल्याही पीसीबी कारखान्याला ‘गर्बर पाठवतो’ एवढे म्हटले की पुरते.

आर्टवर्क फाइल झाले. फाइल फ्लॉपीत आणि पुढे ईमेलमध्ये मावू लागली. पावसाळ्यात ती फुगत नाही, आणि मुख्य म्हणजे ती आखणाऱ्याच्याच ताब्यात राहते. एकच फाइल तीन कारखान्यांना पाठवून दर मागवणे शक्य झाले. कारखान्याच्या कपाटातल्या फिल्मची सत्ता तिथे संपली.

याच काळात गोव्यात इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग दिसू लागला तो दक्षिणेकडे, वेर्ण्यात. टायटन टाइमप्रॉडक्ट्स ही कंपनी क्वार्ट्झ घड्याळांच्या पोटातले इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड गोव्यात बनवत असे. घड्याळाच्या बोर्डावर उघडी चिप थेट चिकटवून केसाहून बारीक तारेने जोडतात, असे ते नाजूक काम. नेटवर्किंगची उपकरणे करणारी, पुढे स्मार्टलिंक झालेली कंपनीही वेर्ण्यातच. अलीकडे ट्रूनॅट चाचणीमुळे नाव झालेली मोलबायो तिथलीच, पण तिचा संशोधनाचा भाग बिगटेक बेंगळुरूत. वेर्ण्याचा दाबोळी विमानतळाशी, मुरगाव बंदराशी आणि महामार्गाशी संबंध जवळचा. पेडणे आणि डिचोली हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आलेले नव्या काबिजादीतले तालुके. डिचोलीत खाणी होत्या, पेडण्यात शेती आणि तुयेंला गोवा अँटिबायोटिक्सचा सरकारी औषध कारखाना.

वेर्ण्यात लाखांनी बोर्ड हाताळले जात असताना पलीकडच्या तालुक्यातल्या पाच बोर्डवाल्याला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कारण नमुना करून घेतला जातो तो आखणी जिथे होते तिथे, उत्पादन जिथे होते तिथे नव्हे. घड्याळाचे किंवा चाचणीयंत्राचे पहिले पाच बोर्ड बाहेरच तपासून होत आणि गोव्यात येई तो ठरलेला आराखडा.

गोव्यात आखणी होत होती ती समुद्रविज्ञान संस्थेत. तिथल्या सागरी उपकरण विभागाने लिस्बनच्या इन्स्टिट्यूतो सुपिरियोर टेक्निको या संस्थेच्या सहकार्याने ‘माया’ हे पाण्याखाली आपोआप फिरणारे यान तयार केले, ते २००६ च्या सुमारास पाण्यात उतरले. पावणेदोन मीटरच्या आसपास लांबी, वजन पन्नास-पंचावन्न किलो. २००४ च्या त्सुनामीनंतर याच संस्थेने समुद्राची पातळी मोजून मोबाइलच्या जाळ्यातून आकडे पाठवणारी यंत्रे बसवायला घेतली. त्यांतले एक पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडे वेरेंला. असली यंत्रे लाखांत विकायची नसतात. दहा-वीस नग झाले की झाले. त्यांच्या बाबतीत नमुन्याची ऑर्डर आणि उत्पादनाची ऑर्डर यांत फरकच उरत नाही, आणि छोटे काम मनापासून घेणाऱ्या कारखान्याची किंमत त्यांना इतर कोणाहूनही जास्त.

असा कारखाना शेवटी इंटरनेटवर सापडला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या स्पार्कफन कंपनीने बॅचपीसीबी नावाची सेवा काढली, पुढे तिची जागा पोर्टलंडच्या ओएसएच पार्कने घेतली. बल्गेरियाची ओलिमेक्स, बेल्जियमची युरोसर्किट्स, आणि मग चीनचे जेएलसीपीसीबी आणि पीसीबीवे. सगळ्यांची युक्ती एकच, ‘पूल’ पद्धतीची. लग्नसराईत एकाच गाडीत चार वऱ्हाडे कोंबावीत तशी वीस गिऱ्हाइकांची सर्किटे एकाच पॅनेलवर शेजारी शेजारी बसवायची. फिल्म एक, ड्रिलिंग एक, टाकीतली बुडी एक. खर्च वीस जणांत वाटलेला. नंतर पॅनेल कापून प्रत्येकाला त्याचे त्याचे तुकडे.

यासाठी सगळ्यांनी एकच जात स्वीकारावी लागते : जाडी १.६ मिलिमीटर, तांबे ३५ मायक्रॉन, रंग हिरवा. ओएसएच पार्कने जांभळा पसंत केला आणि तो बोर्ड लांबूनच ओळखू येऊ लागला. जेएलसीपीसीबीने तर दहा बाय दहा सेंटीमीटरच्या आतले पाच बोर्ड दोन डॉलरना देऊन जगभरच्या आराखडाकारांच्या डोक्यात शंभर मिलिमीटरची चौकट पक्की बसवली. एकशेचार मिलिमीटरचा बोर्ड झाला की दर चढतो, म्हणून कनेक्टर आत सरकवायचे, एखादे भोक गाळायचे, पण शंभरात बसवायचे. कारखान्याचा दरफलक इतक्या थेट आराखड्यात उतरल्याचे याआधी क्वचितच घडले असेल.

भारतात पोचेपर्यंत या दोन डॉलरचे रूप पालटते. कुरियर बोर्डांच्या कैक पट. वर एकात्मिक जीएसटी, केवायसीची कागदपत्रे, आणि पार्सल कस्टममध्ये अडकले तर दिवसांचा हिशेब कोणीच सांगू शकत नाही. जून २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर चीनहून आलेला माल बंदरांवर आणि विमानतळांवर तपासणीसाठी अडकून राहिला, तेव्हा अनेक छोट्या उद्योगांनी पहिल्यांदा गंभीरपणे देशी पर्याय शोधले. गांधीनगरची पीसीबी पॉवर, बेंगळुरूची लायन सर्किट्स यांनी तोवर वेबसाइटवर गर्बर चढवून लगेच दर सांगणारी सोय सुरू केलेली होती. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या पीसीबींवर अँटी-डंपिंग शुल्क लावले आणि पारडे आणखी थोडे इकडे झुकले.

मग गोव्यातच का नको, हा प्रश्न ओघाने येतो. पर्यायी रोजगाराची निकडही होती : २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्यावर डिचोली-सत्तरीचा रोजगार पुन्हा कोलमडला. २०१२ मध्येच केंद्राने इलेक्ट्रॉनिक मॅन्युफॅक्चरिंग क्लस्टरची योजना आणली : नव्या जागेवरच्या क्लस्टरला खर्चाच्या निम्मे अनुदान, शंभर एकरांमागे कमाल ५० कोटी रुपये. त्याखाली पेडणे तालुक्यात तुयेंला क्लस्टर आखले गेले आणि काम इन्फो टेक कॉर्पोरेशन ऑफ गोवाकडे आले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच तालुक्यात मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. एकेकाळी दाबोळीपासून लांब पडणारा पेडणे तालुका हवाई मालाच्या दारात येऊन बसला. क्लस्टरमध्ये कारखाने येण्याचा वेग मात्र या सगळ्याच्या मानाने संथ राहिला.

कोरा बोर्ड बनवणे आणि बोर्डावर भाग बसवणे, हे दोन निराळे उद्योग आहेत. दुसऱ्याला स्वच्छ खोली, यंत्रे आणि कुशल हात लागतात. पहिल्याला त्याशिवाय भरपूर पाणी आणि तांबेमिश्रित सांडपाण्याची चोख व्यवस्था. गोव्यात हा विषय संवेदनशील आहे आणि त्याला इतिहास आहे. केरीतला नायलॉन ६,६ चा प्रकल्प लोकांनी १९९० च्या दशकात परतवून लावला. सांकवाळच्या मेटा स्ट्रिप्स या तांबे-मिश्रधातूंच्या कारखान्याविरुद्ध २००० च्या सुमारास लोक रस्त्यावर उतरले. २००७ च्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा सरकारला करावी लागली. असा अनुभव गाठीशी असताना एचिंगच्या टाक्या मांडू पाहणाऱ्याला आधी गावाला सांडपाण्याचा हिशेब द्यावा लागेल, हे उघड आहे.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ऑक्टोबरमध्ये पहिले सात प्रकल्प जाहीर झाले. त्यांत मल्टिलेअर म्हणजे अनेक थरांचे आणि एचडीआय म्हणजे दाट जोडण्यांचे बोर्ड आहेत, बोर्डाचा कच्चा माल असलेले कॉपर-क्लॅड लॅमिनेटही आहे. सातांपैकी पाच तामिळनाडूत, एक आंध्रात, एक मध्य प्रदेशात. हे सगळे मोठ्या संख्येचे कारखाने आहेत, पाच बोर्डांच्या ऑर्डरीसाठी कोणी ते उभारत नाही.

म्हणून आज डिचोलीतला आराखडाकार जी चाळणी लावतो, ती अशी. सर्वांत बारीक रेघ ०.१५ मिलिमीटर आणि सर्वांत लहान भोक ०.३ मिलिमीटर चालते का? प्रत्येक बोर्डाची फ्लाइंग प्रोबने विद्युत तपासणी होते का, की ती फक्त मोठ्या ऑर्डरीला? फाइलमध्ये चूक दिसली तर कारखाना फोन करतो, की मुकाट्याने जसे आहे तसे करून पाठवतो? जीएसटीचे बिल मिळते का? बोर्ड व्हॅक्यूम पॅकमध्ये, सिलिका जेलसकट येतात का? हा शेवटचा प्रश्न बेंगळुरूतला माणूस कदाचित विचारणार नाही. कोकणपट्टीत जुलैत उघडे राहिलेले बोर्ड ओल धरतात आणि सोल्डर करण्याआधी ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस अंशांवर काही तास भाजून घ्यावे लागतात, नाहीतर उष्णतेने थर सुटतात.

बहुतेकांचा पायंडा आता पडून गेला आहे. पहिला नमुना जिथून आठवड्यात येईल तिथून, दर थोडा चढा असला तरी. दुसरी आवृत्ती, चुका सुधारून, बहुधा तिथेच. पन्नास-शंभर नगांची वेळ आली की दोन-तीन ठिकाणांहून दर मागवायचे आणि भाग बसवून घ्यायला वेर्ण्यात चौकशी करायची. तुयेंला कोणी पूल पद्धतीने छोट्या ऑर्डरी घेणारी दोन आणि चार थरांची लाइन टाकली, तर डिचोलीहून बोर्ड आणायला दुचाकी पुरेल, आणि जास्तीचा दिवस लागला तर तो कारखान्याच्या रांगेमुळे लागेल, कुरियरमुळे नाही.